कटकला परत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्हीच काय, लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या गच्चीवर विचारतात, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच विचारलं: "बाबा म्हणतात कटकमध्ये काही उरलेलं नाही, मग तू परत कशाला जातेस?" बाबांनी अख्ख्या धरमपेठेत हे सांगून ठेवलंय.

बाबा खोटं बोलत नाहीत. ओडिशातल्या या शहरावर एकेकाळी अंमल केलेल्या नागपूरकर भोसल्यांचं म्हणून दाखवावं असं तिथे फारसं काही नाही. बाराबाटी किल्ल्याचा एक दरवाजा आहे, खंदक आहे, राजवाड्याच्या जागी मातीचा उंचवटा आहे. किल्लाही आपण बांधलेला नाही, तो गंग राजांच्या काळचा मानतात. इंग्रजांनी त्याचे दगड उचलून रस्त्यांना वापरले, फॉल्स पॉइंटच्या दीपगृहालाही नेले. 'आपलं' बघायला जाणारा माणूस अर्ध्या तासात बाहेर येतो.

मागे आम्ही दोघं गेलो, तेव्हा बाबा मात्र अर्ध्या तासात बाहेर आले नाहीत. ते तिथे भांडले, आणि ते कोणाला सांगत नाहीत.

सकाळची वेळ होती, किल्ल्यात फिरायला येणाऱ्यांची. बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ बाकावर येऊन बसले. हिंदीत विचारपूस झाली. बाबा ताठ होऊन म्हणाले, "नागपूर." ते गृहस्थ मनापासून हसले आणि म्हणाले, "अच्छा, बर्गी!" बर्गी म्हणजे तिकडे लुटालूट करत आलेले मराठे घोडेस्वार. लहानपणी जेवलो नाही की आजी बर्गी येतील म्हणून दटावायची, असं त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं. बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलाय. त्यांचा चेहरा मला दिसत होता.

मग सुरू झालं. 1751 चा तह, बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने कबूल केलेली वर्षाची बारा लाखांची चौथाई, सुवर्णरेखेपर्यंतचा मुलूख, पुढे 1803 पर्यंतचा अंमल, शिवभट साठ्यांची सुभेदारी, जगन्नाथाच्या देवळाची लावलेली व्यवस्था, यात्रेकरूंची सोय. बाबा बोटांवर मोजत सांगत होते. गृहस्थ मान डोलवत ऐकत होते. "आणि भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांना 1744 मध्ये बोलणीला म्हणून बोलावून मारलं, ते?" बाबांनी विचारलं. "ते तर बंगालमध्ये, साहेब," ते म्हणाले, "आमच्याकडे का रागावता?"

मला हसू आलं. बाबांनी ते पाहिलं.

मग बाबांनी शेवटचा पत्ता टाकला: पुरीच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मराठ्यांनी उभा केला. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग शांतपणे म्हणाले, "हो. कोणार्कहून काढून. सूर्याच्या दारातला सारथी तुम्ही जगन्नाथाच्या दारात नेऊन उभा केलात."

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. ओसाड पडलेल्या देवळातून काढून पूजेच्या ठिकाणी नेला, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मी बोलले नाही. गृहस्थांनी आम्हाला दहीबरा-आलूदम खायला चला म्हटलं, बाहेर सायकलवर हंडी लावून एकजण उभाच होता. बाबांनी हात जोडले. ऑटोत बसल्यावर म्हणाले, "तू त्याची बाजू घेतलीस." मी म्हटलं, "बाबा, मी तोंडसुद्धा उघडलं नाही." "तेच म्हणतोय," ते म्हणाले. भुवनेश्वर येईपर्यंत पुढे एक शब्द नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तू त्या माणसाच्या बाजूची. नाही हो. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत 'अटक ते कटक' म्हणून टाळ्या घेतलेली मुलगी मीच. तिला आज सांगावंसं वाटतं, की बाई, अटकेला गेले ते पेशव्यांचे लोक, कटक घेतलं ते रघुजी भोसल्यांनी, आणि 1743 मध्ये खुद्द नानासाहेब पेशवे अलिवर्दीकडून पैसे घेऊन रघुजींना बंगालमधून हाकलायला गेले होते. तुझं ते एका दमातलं वाक्य प्रत्यक्षात एका घरातलं भांडण होतं. ती मुलगी मला म्हणेल, मग काय झालं, दोन्ही टोकांना मराठी घोडे पोचले की नाही? पोचले. तिथे मी अडकते.

पण परत जायचं कारण हे नाहीच, आणि तेच कोणाला पटत नाही. नराजपाशी महानदीतून काठजोडी फुटते आणि त्या दोघींच्या बेचक्यात हे शहर बसलंय. काठजोडीच्या काठाचा दगडी बांध केसरी राजाने घातला असं सांगतात. तो नसता तर पुराने कटक कधीच नेलं असतं. भोसले येण्याआधी कित्येक शतकं हे शहर नदीशी झगडत होतं, आपण गेल्यावरही झगडत राहिलं. बावन बाजार, त्रेपन्न गल्ल्या असं तिथले लोक अभिमानाने म्हणतात. त्यातल्या एका गल्लीत तारकसीचा कारागीर चांदीची केसासारखी तार ओढून, दोन तारा पिळून, चपट्या करून, चिमट्याने नक्षीच्या चौकटीत बसवत होता. मी तासभर उभी होते. बाबा बाहेर ऑटोवाल्याशी भाड्यावरून बोलत होते. दुर्गापूजेत देवीच्या मागे उभी राहते ती चांदीची आरास याच हातांची. ती मला बघायचीय. कार्तिक पौर्णिमेला महानदीच्या काठी बालीयात्रा भरते, पूर्वी इथून जावा-बालीकडे जहाजं जायची त्याची आठवण म्हणून लोक केळीच्या सोपटाच्या होड्या पाण्यात सोडतात. तीही बघायचीय. यातलं काहीच आपलं नाही. नसेना का!

बाबांना हे सांगितलं तर म्हणतात, "मग बालीलाच जा." मी कार्तिकातलं तिकीट काढलंय, एकच. दुसरं काढू का म्हणून विचारलं, तर त्यांनी आधी विचारलं ते किल्ल्यात सकाळी किती वाजता लोक फिरायला येतात ते. भांडायला की दहीबऱ्याला, ते मी विचारलं नाही.