टमी टकनंतरचा व्यायाम: सूज संध्याकाळी नाही, सकाळी मोजा

टमी टक, म्हणजे पोटावरची जादा कातडी-चरबी काढायची शस्त्रक्रिया, झाल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. "सकाळी पोट सपाट असतं, संध्याकाळी सलवारीची नाडी रुतते. चालायला लागले म्हणून बिघडलं का?" बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. आज केलेला व्यायाम जास्त झाला की बरोबर होता, हे आजच्या संध्याकाळच्या पोटावरून कळत नाही, उद्या सकाळच्या पोटावरून कळतं. हे न समजल्यामुळे बऱ्याच बायका घाबरून व्यायाम सोडतात. उरलेल्यांतल्या काही जणी सूज "घामावाटे काढायला" व्यायाम दुप्पट करतात. दोन्हींनी सूज लांबते.

आधी सूज का येते ते बघू. या शस्त्रक्रियेत एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत ओटीपोटाच्या अगदी खाली आडवा छेद घेतात. तिथून कातडी आणि चरबीचा थर स्नायूंवरून सुटा करत बरगड्यांपर्यंत उचलतात. गरोदरपणात फाकलेले मधले स्नायू शिवून जवळ आणतात, जादा कातडी कापतात, आणि बेंबीसाठी खाली ओढलेल्या कातडीत नवं छिद्र पाडतात. पोटाच्या खालच्या भागातलं लसिकेचं (लिम्फचं) पाणी, म्हणजे पेशींभोवती जमणारा द्रव, एरवी जांघेतल्या गाठींकडे उतरतं. आडव्या छेदाने ती वाट तुटते आणि उसाच्या सरीत बांधाआड पाणी तुंबावं तसं ते व्रणाच्या वरच्या अंगाला तुंबतं. म्हणून सुजेचा फुगवटा बहुतेक वेळा बेंबी आणि व्रणाच्या मधे दिसतो. नव्या बारीक वाटा तयार होतात, पण त्याला आठवडे नाही, महिने लागतात. मोठी सूज साधारण तीन महिन्यांत उतरते, शेवटची बारीक सूज जायला सहा महिने ते वर्षही लागू शकतं.

लसिकेला हृदयासारखा पंप नसतो. ती पुढे सरकते ती मुख्यतः स्नायूंच्या हालचालीने आणि खोल श्वासाने. म्हणजे नुसतं पडून राहिलं तर पाणी साचतं. उलट जोराचा व्यायाम केला तर रक्तपुरवठा वाढतो, अंग तापतं, केशवाहिन्यांतून जास्त पाणी बाहेर येतं आणि तुटलेल्या वाटांना ते उचलता येत नाही. या दोन टोकांच्या मधली जागा प्रत्येकीची वेगळी असते. ती टेपने शोधायची.

शिवणकामाची कापडी टेप घ्या. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, शस्त्रक्रियेनंतर पोटाला बांधायला दिलेला पट्टा काढून सरळ उभं राहायचं. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. एक माप बेंबीच्या रेषेत, दुसरं बेंबीखाली चार बोटांवर. टेप कातडीला टेकेल इतकीच, रुतवायची नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला पुन्हा दोन्ही मापं. व्यायाम वाढवण्याआधी आठवडाभर हे आकडे कॅलेंडरवर लिहा. तो तुमचा पाया.

मग असं वाचायचं: संध्याकाळी दोन-तीन सेंटीमीटर वाढलं आणि दुसऱ्या सकाळी आदल्या सकाळच्या एक सेंटीमीटरच्या आत परत आलं, तर व्यायाम पचला, तेवढाच चालू ठेवा. सकाळचा आकडा एक सेंटीमीटरपेक्षा जास्त वर राहिला, तर त्या दिवशी फक्त सावकाश चालणं, आणि पुढच्या वेळी निम्मा वेळ. दोन दिवस विश्रांती घेऊनही उतरला नाही, तर सर्जनला फोन. हा काही प्रयोगशाळेचा नियम नाही, हाताशी धरायचा कठडा आहे, पण चांगला कठडा आहे. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि पोट साफ झालं नसेल त्या दिवशी आकडे वाढतातच. तशी खूण शेजारी करा, म्हणजे उगाच व्यायामाला दोष जाणार नाही.

टेपइतकाच अंगठा उपयोगी. फुगलेल्या जागेवर अंगठा पाच सेकंद दाबून उचला. खळगा राहिला आणि हळूहळू भरला, तर ती साधी सूज. आता एका बाजूला तळहात ठेवून दुसऱ्या बाजूला बोटाने टिचकी मारा. पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लाट तळहाताला लागली, कूस बदलताना आत डचमळल्यासारखं वाटलं, तर तो सीरोमा असू शकतो, म्हणजे सुट्या केलेल्या थरांच्या मधे साचलेलं पाणी. या शस्त्रक्रियेनंतर ही अडचण बरीच आढळते. हे पाणी बाहेर काढायला बसवलेली ड्रेनची नळी बहुतेक सर्जन चोवीस तासांतलं पाणी ३० मिलीच्या खाली आल्यावर, तेही सलग दोन दिवस, काढतात. नळी निघाल्यावर अंगात उत्साह येतो, एकदम हालचाल वाढते, ते दोन थर एकमेकांवर घासतात आणि पाणी पुन्हा भरतं. सीरोमा क्लिनिकमध्ये सुईने ओढून काढतात, कधी दोन-तीन वेळा. पट्टा घट्ट आवळून तो जिरेल म्हणून घरी वाट बघू नका. जुना झाला की त्याभोवती पिशवी धरते आणि मग काम वाढतं. कडक, न दबणारी गाठ लागली तर तीही दाखवून घ्या.

आता व्यायामाचा क्रम. स्नायू शिवले आहेत की नाही, आधाराला आत जाळी बसवली आहे का, यावर तारखा बदलतात, म्हणून प्रत्येक पायरीला तुमच्या सर्जनचा होकार पाहिजेच.

पहिले दोन आठवडे कमरेत किंचित वाकूनच चालायचं. सरळ व्हायची घाई केली की ताण थेट टाक्यांवर जातो. जागेपणी दर दोन तासांनी घरातल्या घरात पाच मिनिटं, आणि पडल्या पडल्या पावलं वर-खाली. हे सुजेपेक्षाही पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सपाटीवर दहा-दहा मिनिटं दोनदा, आणि आकडे पचले तर दर तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं वाढवा. कोल्हापुरात रंकाळा तलावावर जायचं तर सकाळी जा. उन्हं चढली की सूज चढते, आणि संध्याकाळी दिवसभराचं पाणी आधीच खाली उतरलेलं असतं. पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको. निम्म्यावर दमलात तर परत यायला तेवढंच अंतर उरतं, म्हणून ठरवलेला निम्मा वेळ झाला की मागे फिरायचं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या आणि जोतिबाचा डोंगर अजून नाही.

पाचव्या आठवड्यापासून जिममधली उभी सायकल चालते. रोध सगळ्यात कमी, सीट उंच, हँडलवर वाकायचं नाही, दहा मिनिटं. सहा ते आठ आठवड्यांत, बसून एक-दोन किलोचे डंबेल आणि खुर्चीला टेकेपर्यंतच्या अर्ध्या बैठका. उचलताना मोठ्याने आकडे मोजा. आवाज निघतोय म्हणजे श्वास कोंडलेला नाही, आणि श्वास कोंडला नाही की शिवलेल्या स्नायूंवर आतून दाब कमी येतो. धावणं यानंतरच. पोहणं व्रण पूर्ण बंद झाल्यावरच, एकही खपली नसताना.

तालमीच्या या गावात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बैठका लवकर चालतात म्हणून जोरही चालतील असं नाही. जोर मारताना पोट फळीसारखं ताठ धरावं लागतं आणि पुढच्याच क्षणी ते पूर्ण ताणलं जातं. शिवणीला याहून वाईट दुसरं काही नाही. सूर्यनमस्कारातलं भुजंगासन तसंच. आणि कपालभाती! "तो तर नुसता श्वास आहे" म्हणून तिसऱ्या आठवड्यात सुरू करणाऱ्या कितीतरी जणी असतात. त्यात प्रत्येक झटक्याला पोटाचे स्नायू जोरात आवळले जातात. हे सगळं बारा आठवड्यांनंतर, आणि तेही विचारून. तोवर पाठीवर पडून, गुडघे वाकवून, नाकाने सावकाश श्वास घेऊन तोंडाने सोडायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. साधा दिसतो, पण लसिका सरकवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

जिमपेक्षा जास्त घोटाळा घरात होतो. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नसतं. भरलेली पंधरा लिटरची बादली पंधरा किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, टाकीसकट जवळजवळ तीस. दीड-दोन वर्षांचं पोर दहा-बारा किलो, आणि ते आपणहून उडी मारतं. पोराला खाटेवर चढवून मांडीवर घ्या, जमिनीवरून उचलू नका. जावा-नणंदा, सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, कारण बाहेरून बाई चांगली हिंडती-फिरती दिसते आणि कामं आपोआप अंगावर येतात. ओट्यापाशी सलग दोन तास उभं राहिलं की संध्याकाळचा आकडा अर्धा तास चालल्यापेक्षा जास्त वाढू शकतो. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेचंही तेच. चालत राहिलेलं चालतं, एका जागी उभं राहणं बाधतं.

पट्ट्याबद्दल. साधारण सहा ते आठ आठवडे तो घालायला सांगतात. "लुगडं गुंडाळ की घट्ट, आम्ही बाळंतपणात तेच केलं" असं थोरल्या बायका म्हणतील, मायेनेच म्हणतील. पण लुगड्याचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही, घडी पडते, आणि घडीच्या वरच्या बाजूला सूज गोळा होते. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. काढल्यावर कातडीवर खोल वळ, जांभळट पट्टा किंवा फोड दिसला तर तो घट्ट आहे. फार आवळलं तर कातडीचा आधीच कमी झालेला रक्तपुरवठा आणखी तुटतो. बसल्यावर वरची कड दुमडून पोटात रुतते, ती दर तासाला सरळ करा, आत बिनशिवणीची सुती बनियन घाला. व्यायामानंतर घामट पट्टा अंगावर ठेवू नका, पुरळ उठतं. दोन पट्टे हवेतच. कोल्हापूरच्या जुलैत धुतलेला पट्टा दुसऱ्या दिवशीही ओलसर असतो, आणि तो ड्रायरच्या गरम हवेत वाळवला की त्याचं लवचीकपण जातं. टॉवेलात गुंडाळून पिळा, मग पंख्याखाली आडवा पसरा.

पोटाची कातडी कित्येक महिने बधिर असते. त्यामुळे शेक देऊ नका, गरम पाण्याची पिशवी नको, बर्फही नको. भाजलं तरी कळत नाही, फोड आल्यावर कळतं. तेल लावून जोरात रगडणारी मालीशही नाही. सर्जनने परवानगी दिल्यावर लसिका सरकवायच्या मालीशीचा हात फिजिओकडून शिकून घ्या. तो इतका हलका असतो की कातडी फक्त ताणली जाते, खालचा स्नायू दाबला जात नाही. पाणी उतरवायची गोळी मनाने घेऊ नका. ही सूज तुटलेल्या वाटांची आहे, त्या गोळीने त्या जुळत नाहीत, नुसता थकवा येतो.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, सगळं धरून. मिसळीत कट, फरसाण आणि पाव तिन्हींत मीठ असतं. खाऊ नका असं म्हणणार नाही, कोल्हापुरात ते कोण ऐकणार, पण व्यायाम वाढवला त्याच दिवशी खाल्लीत तर दुसऱ्या सकाळचा वाढलेला आकडा कुणाचा ते कळणार नाही. पांढऱ्या-तांबड्या रश्श्याची वाटी कमी करून मटणाच्या फोडी जास्त घ्या. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि ती फोडीत असतात, रश्श्यात फारशी नसतात. आणि मिश्री बंद. दात घासायची आहे म्हणून ती तंबाखू नाही असं होत नाही. त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि व्रणाची कड काळी पडण्याचा धोका वाढवतं.

एका पोटरीला सूज, दुखणं, ती गरम लागणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं: यात टेप मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करून थेट दवाखाना. ताप, व्रणातून पू किंवा वास, वाढत जाणारी लाली, किंवा काही तासांत एकाच बाजूला पोट टणक फुगणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं. फोनवर "सूज आलीय" एवढंच सांगू नका. शस्त्रक्रियेला किती दिवस झाले, सकाळ-संध्याकाळचे शेवटच्या तीन दिवसांचे आकडे, अंगठ्याचा खळगा राहतो की लाट लागते, ताप किती, काल काय उचललं किंवा किती चाललात, हे सांगा. समोरच्याला मग लगेच ठरवता येतं की आज बोलवायचं की दोन दिवस बघायचं.