स्प्रिंग बदलण्याआधी टाय रॉड मोजा

विद्यार्थ्यांनी बांधलेल्या फॉर्म्युला गाडीचे नाक वळणात बाहेर जाऊ लागले की बहुतेक संघ सर्वप्रथम स्प्रिंगला हात घालतात. छत्रपती संभाजीनगरमधील अभियांत्रिकीच्या मुलांसोबत अशा गाड्यांवर काम करताना माझे मत पक्के होत गेले आहे, की स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (गाडीचे कलणे रोखणारी दांडी) हे नंतरचे विषय आहेत. चाक वर-खाली होताना नेमके कोणत्या वाटेने जाते, हे आधी प्रत्यक्ष गाडीवर मोजले पाहिजे.

संगणकावरील भूमिती सहसा ठीकच असते. फरक पडतो तो वेल्डिंगमध्ये. ब्रॅकेट जिगमध्ये (वेल्डिंगच्या साच्यात) घट्ट धरले तरी नळी थंड होताना ओढली जाते आणि विशबोनचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या त्रिकोणी आर्मचा) जोडबिंदू एक-दोन मिलिमीटर सरकतो. त्याने बदललेला कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेशी असलेला कल) शिम (पातळ पत्री) घालून जुळवता येतो, परंतु टाय रॉडच्या (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) आतल्या टोकाला एवढा फरकही जड जातो. चाक ज्या कंसावरून वर जाते, त्या कंसाशी टाय रॉडचा कंस जुळला नाही, तर चालकाने स्टीअरिंग स्थिर धरलेले असूनही चाक आपोआप वळते. यालाच बंप स्टीअर म्हणतात. वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरचे चाक बॉडीच्या तुलनेत वर येते, आणि ते त्याच वेळी टो-आउट होत असेल (म्हणजे त्याचे पुढचे टोक बाहेर वळत असेल), तर चालकाने दिलेल्या वळणातून थोडे वळण परस्पर वजा होते. पुढची स्प्रिंग नरम करून हा दोष फक्त झाकला जातो.

मोजणीला महागडे यंत्र लागत नाही. चासी आधाराच्या घोड्यांवर समपातळीत पक्की ठेवावी, स्प्रिंग काढावी, स्टीअरिंग रॅक (टाय रॉडना ढकलणारी आडवी दातेरी पट्टी) जागच्या जागी बांधावा आणि चाकाऐवजी हबवर (चाक बसते त्या भागावर) सपाट अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवून तिच्या पुढच्या व मागच्या टोकाला एकेक डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारा मापक) टेकवावा. मग एकाने जॅक पाच-पाच मिलिमीटरने चढवावा, दुसऱ्याने दोन्ही आकडे मोठ्याने सांगावेत, तिसऱ्याने लिहावेत. दोन आकड्यांच्या फरकातून चाक किती वळले ते कळते; चाकाच्या उंचीसमोर त्याचाच आलेख काढायचा. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या नियमांनुसार चाकाला किमान 50 मिलिमीटर हालचाल असावी लागते, म्हणून निदान 25 वर आणि 25 खाली इतके तरी मोजावे. परत मूळ उंचीवर आल्यावर काटा पहिल्या अंकावर येत नसेल, तर आलेख काढण्यात अर्थ नाही. आधी रॉड एंडमधील (दांड्यांच्या टोकांच्या सांध्यांमधील) ढिलाई शोधावी.

आलेख वाचण्यातच खरी मजा आहे. रेषा सरळ पण तिरकी आली, तर टाय रॉडच्या एका टोकाची उंची चुकली आहे, आणि रॅकखालच्या किंवा अपराइटवरच्या (हब धरणाऱ्या भागावरच्या) शिमने ती सुधारते. रेषा दोन्ही बाजूंना एकाच दिशेने वाकली, तर रॉडची लांबी चुकली आहे: रॅक अ‍ॅक्सलच्या पुढे असलेल्या गाडीत आखूड रॉड वर आणि खाली दोन्हीकडे टो-इन देतो, म्हणजे चाकाचे पुढचे टोक आत वळवतो. ही दुसरी दुरुस्ती अवघड, कारण तिच्यासाठी रॉडची टोकेच हलवावी लागतात.

यानंतर कॅम्बर. समजा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर) 1200 मिलिमीटर, पुढून पाहता स्विंग आर्मची लांबी (चाकापासून ते ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुलते तिथपर्यंतचे अंतर) 1500 आणि रोल (गाडीचे कलणे) दीड अंश. बाहेरचे चाक सुमारे 16 मिलिमीटर वर येते, भूमिती त्याला साधारण 0.6 अंश कॅम्बर परत देते, आणि उरलेला 0.9 अंश टायरला सोसावा लागतो. तो स्थिर कॅम्बरने भरून काढावा. स्विंग आर्म फार आखूड करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग ब्रेक लावताच नाक दबून दोन्ही चाके आत झुकतात आणि सरळ रेषेतील पकड कमी होते.

एवढे झाल्यावर वाळूजच्या एखाद्या मोकळ्या आवारात 15.25 मीटर आतल्या व्यासाचे वर्तुळ शंकूंनी आखून गाडी फिरवावी. तेव्हाही नाक बाहेर जात असेल, तर आता खुशाल स्प्रिंग बदलावी.