तुम्ही विचारलंत म्हणून: दारात गाडी, तरी बाजार सायकलवर

“काकू, दारात गाडी उभी आहे, मग बाजाराला सायकल कशाला?” नागावात वाण्यापासून घरी आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळे मला हेच विचारतात. उत्तर त्यांनी मनात आधीच ठरवलेलं असतं. एक तर डॉक्टरांनी सांगितलं असणार, नाहीतर पेट्रोल परवडत नसणार. गुडघे माझे ठणठणीत आहेत. आणि अलिबाग इथून सात-आठ किलोमीटर, तेवढ्या पेट्रोलनं कोणी भिकेला लागत नाही.

खरं सांगायचं तर गाडीतनं मला बाजार करताच येत नाही. आमचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. गाडी बाजूला घ्यावी म्हटलं तर जागा नाही, घेतलीच तर मागचा मिनीडोर रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाही. आणि आमच्याकडचा निम्मा चांगला माल दुकानात येतच नाही, तो रस्त्याकडेला बसलेला असतो. पाऊस तोंडावर आला की आदिवासी बायका डोंगरातनं शेवळं ही रानभाजी घेऊन येतात. जुडी घेतली की शेजारचे काकडही घ्यायचे, ती हिरवी आंबट फळं. त्यांच्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते. चिंचेवर भागतं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. मग टाकळा, पुढे कंटोळी. थंडीत वालाच्या शेंगा, आणि मडक्यात शेंगांची पोपटी लावायची असेल तर भांबुर्ड्याचा पाला वाटेतच उपटून घ्यायचा, फुकट. हे सगळं गाडीच्या काचेतून दिसेपर्यंत मागे गेलेलं असतं. सायकलवर पाय टेकला की झालं.

कांद्याचंही तसंच. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पांढरा दिसला की तो अलिबागचाच म्हणून गळ्यात मारणारे वाढलेत. मला विचाराल तर भातानंतर तो ज्यांच्या शेतात होतो, त्या अलिबागजवळच्याच कार्ले-खंडाळे गावांकडे जावं आणि माळ हातात घेऊन बघावी. पातीची वेणी घट्ट हवी, कांदा दाबला तर मऊ लागता कामा नये. आणि काच खाली करून भाव विचारणाऱ्याला भाव जरा चढा लागतो असं मी म्हटलं, तर विकणाऱ्या बायका हसतात, नाही म्हणत नाहीत.

शनिवार-रविवारचं तर बोलायलाच नको. 2020 पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीनं गाड्या उतरायला लागल्या. पाहुण्यांवर पोट असलेली घरं आमच्याकडे खूप, तेव्हा तक्रार नाही. पण त्या दिवशी अलिबागच्या बाजारपेठेत गाडी लावायला जागा शोधेपर्यंत माझी मासळी घेऊन होते.

सामान कसं बांधता, हा पुढचा प्रश्न. जड ते खाली आणि मागे. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना जाड कापडाच्या पिशव्या, दूधवाले किटल्या अडकवतात तशा. एकीकडे बटाटे तर दुसरीकडे डाळ-साखर, वजन सारखं. हँडलला फक्त कोथिंबीर. तिथे नारळ टांगला तर हँडल ओढतं, पिशवी चाकात जाते ती वेगळीच. अंडी आणि पाव पुढच्या टोपलीत. मासळी झाकणाच्या डब्यात, नाहीतर घरापर्यंत मांजरांची वरात निघते.

सगळंच सायकलवर येतं असा माझा दावा नाही. घरगुती सिलेंडरमध्ये गॅसच 14.2 किलो, वर लोखंडाचं वजन. तो आणि तांदळाचा कट्टा गाडीतूनच येतात. मे महिन्यातली आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदीही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून सुके बोंबील, सोडे, जवळा, मसाला असं घरभर वास सुटेल इतकं आणायचं असतं. गाडी त्यासाठीच ठेवलीय.

पावसात चाकाची रिम भिजली की रबरी ब्रेक धरत नाहीत, तेव्हा वळणाच्या बरंच आधीपासून दाबत यायचं. खाऱ्या हवेनं चेन गंजते. धुऊन, पुसून, मशीनचं तेल. ओढणी आधी कमरेला बांधा, मग पायडलवर पाय ठेवा.

उन्हाळ्यात मी निघते जरा दुपार कलताना. जाताना वायव्येचा खारा वारा तोंडावर येतो, पण तेव्हा पिशव्या रिकाम्या असतात. येताना वजन माझ्याकडे आणि वारा पाठीशी. सकाळी गेलं तर परत निघेपर्यंत ऊन डोक्यावर येतं.

आणि सायकल कुठली घेऊ म्हणाल तर साधी, बिनगिअरची, मागे भक्कम कॅरियर आणि दोन पायांचा स्टँड असलेली. एका पायाच्या स्टँडवर भरलेली सायकल आडवी होते. अर्थात हे आमच्या सपाटीवरचं बोलणं. हर्णैहून दापोलीला बाजाराला जाणाऱ्यानं माझं ऐकू नये. तिकडे आसूदची चढण आहे, आणि परतताना भरल्या पिशव्यांनिशी तीच वळणं उतरायची. तिथे आपली एसटी बरी.