‘औषध जास्त झालंय’

मे महिन्यातला बुधवार. पोहण्याच्या समर कॅम्पची सकाळची बॅच संपली आणि पोरं डोळे चोळतच बाहेर आली. अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर लाल डोळ्यांचे फोटो, आणि दुपारी सेक्रेटरीसाहेबांचा फोन. "अहो, औषध किती टाकता? जिन्यापर्यंत क्लोरीनचा वास येतोय. दोन दिवस टाकूच नका."

पुण्यातल्या या सोसायटीचा पोहण्याचा टँक मी आठवड्यातून दोनदा बघतो, रोजचं काम तिथला पोरगा करतो. मी पोचलो तेव्हा त्यानं टेस्ट करून ठेवली होती. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, ती जुनी ओटीओची किट. नळी चांगली पिवळी. "बघा सर, क्लोरीन भरपूर आहे."

घोळ तिथेच होता. त्या पिवळ्या रंगात कामाचा क्लोरीन किती आणि घाम-लघवीला चिकटून बसलेला किती, हे कळत नाही. मी माझी डीपीडीची पेटी काढली, तिच्यातल्या गोळ्यांनी हे दोन्ही वेगळे मोजता येतात. पहिली गोळी चुरून टाकली, पाणी जेमतेम गुलाबी झालं. मोकळा, म्हणजे कामाचा क्लोरीन 0.4 पीपीएम, दहा लाख भाग पाण्यात 0.4 भाग. कॅम्पच्या गर्दीत मला 2 ते 3 लागतो. त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाकून दोन मिनिटं थांबलो, तर रंग 2 वर गेला. मधला 1.6 म्हणजे चिकटून बसलेला क्लोरीन, क्लोरामाइन. वासही त्याचा आणि लाल डोळेही त्याचेच. औषध जास्त नव्हतं, कमी पडत होतं.

पण कमी का? पोरगा तर रोज मोजून टाकत होता. पंपरूमच्या मागे गेलो तेव्हा कळलं. हायपोचे, म्हणजे रोज टाकायच्या पातळ क्लोरीनचे कॅन भर उन्हात, भिंतीला टेकून तीन आठवडे उभे. हायपो उन्हात आपोआप मरत जातो. माप तेच, आतला दम निम्मासुद्धा नसावा. त्याला काय बोलणार? कॅन कुठे ठेवायचे हे मीच त्याला कधी सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं, टाकायचं बंद नाही, उलट आज रात्री दसपट टाकायचंय. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आमच्या धंद्यातला ठोकताळा असा, की क्लोरामाइनच्या दहापट क्लोरीन एकदम द्यायचा, म्हणजे क्लोरामाइन फुटतो. 1,70,000 लिटर पाण्याला 16 पीपीएम म्हणजे 65 टक्के क्लोरीनची पावडर सव्वाचार किलोच्या आसपास. रात्री आठला गेटला कुलूप लावलं. बादलीत आधी पाणी, मग पावडर, थोडी थोडी. पीएच उतरवायच्या ॲसिडची बादली वेगळी, तीही पार दुसऱ्या टोकाला. या दोन बादल्यांची अदलाबदल झाली तर पंपरूममध्ये क्लोरीन वायू भरतो, तेव्हा इथे मी कुणाचंच ऐकत नाही. पंप रात्रभर चालू.

सकाळी सहाला पोरानं फोन केला. "सर, क्लोरीन झीरो! गोळी टाकली तरी पाणी पांढरंच." धावत गेलो. गोळी टाकताना नीट बघितलं, क्षणभर गुलाबी झाक आली आणि विरून गेली. क्लोरीन इतका होता की रंगच खाऊन टाकत होता. एक भाग टँकचं पाणी, चार भाग बाटलीतलं पाणी घेतलं आणि परत टेस्ट केली. 2.4 आला. गुणिले पाच, 12. पोरगा झीरो समजून अजून पावडर ओतायच्या बेतात होता, बादली भरून ठेवली होती त्यानं.

पाणी थोडं दुधाळ होतं. बॅकवॉश मारला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला, दहापर्यंत तळाची जाळी स्वच्छ दिसायला लागली. वास पूर्ण गेला होता. आणि मी टँक बंद ठेवला! सेक्रेटरीसाहेब खाली आले ते चिडूनच. "काल वास होता तेव्हा पोरं पोहली, आज पाणी काचेसारखं आहे आणि तुम्ही कुलूप लावताय?" नळ्या दाखवून समजावलं. पटलं असं काही वाटलं नाही.

उरलेलं काम उन्हानं केलं. चारला 5, साडेपाचला 3. पीएच 7.4. कुलूप काढलं, कॅन पंपरूममध्ये सावलीत घेतले, आणि शॉवर घेतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही असं पोराला बजावलं.

नातवाला घेऊन आलेल्या आजी कठड्याशी थांबल्या, वाकून वास घेतला.

"काय हो, आज औषध टाकायला विसरलात का?"