गच्चीवरची डोलकाठी: अंधारातलं रीफिंग

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवर महासागरी शर्यतीच्या तालमीसाठी उभारलेल्या डोलकाठीवर या टप्प्यात एकच काम होतं: दिवे बंद करून मेन (मुख्य) शीड लहान करणं, म्हणजे रीफिंग. सामान साधं आहे. ५० मिमीचा चार मीटर ॲल्युमिनियम पाइप, शिडाची खालची कडा धरणारं दोन मीटरचं आडवं बूम, ८ मिमीचे पॉलिस्टर दोर. उत्तरायणातल्या पतंगांनंतर कप्प्यांत अडकलेला मांजा मात्र आधी चिमट्याने काढून टाका, तो दोराचं वरचं कवच कापतो.

महासागरी शर्यतीत स्क्वॉल (वाऱ्याचा अचानक झोत) ग्रिब फाइलीत, म्हणजे हवामान अंदाजाच्या फाइलीत, दिसत नाही. जीएफएस या अंदाज मॉडेलची जाळी पाव अंशाची, विषुववृत्ताजवळ सुमारे २८ किमी. ढग त्याहून लहान. व्याख्येप्रमाणे वारा एकदम किमान १६ नॉटनी (नॉट म्हणजे ताशी एक समुद्री मैल) वाढून २२ वर जातो आणि निदान एक मिनिट टिकतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट. रात्री खूण म्हणजे क्षितिजाजवळचे तारे झाकले जाणं आणि पावसाच्या आधी गालाला लागणारा गार वारा. गार वारा आला म्हणजे उशीर झालेला असतो.

क्रम असा: मेनशीट (बूम आत-बाहेर करणारा दोर) सैल, मग वँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) पूर्ण सैल, टॉपिंग लिफ्टवर (बूम वरून तोलणारा दोर) बूमचा भार. हॅलियार्ड (शीड वर चढवणारा दोर) खुणेपर्यंत खाली, टॅकचं (रीफचा पुढचा कोपरा) कडं हुकात, हॅलियार्ड पुन्हा ताठ. त्यानंतरच रीफ लाइन (रीफचा मागचा कोपरा बूमवर ओढणारा दोर). शेवटी टॉपिंग लिफ्ट सोडून वँग आणि मेनशीट.

बहुतेक घोळ वँगवर होतो. तो ताठ राहिला तर रीफ लाइन कितीही ओढा, क्ल्यू (तोच मागचा कोपरा) बूमवर बसत नाही आणि शीड फडफडत राहतं. टॅक हुकात नसताना रीफ लाइन ओढली तर पुढची कडा फाटते. बूमवरचा कप्पा क्ल्यूच्या कड्याच्या थोडा मागे हवा, म्हणजे दोर खाली आणि मागे दोन्हीकडे ओढतो. रीफच्या मधल्या दोऱ्या फक्त शीड गुंडाळण्यासाठी. त्यांच्यावर भार आला की भोकं फाटलीच.

हॅलियार्डवर पेनाची खूण रात्री निरुपयोगी. पहिल्या रीफला मेणदोऱ्याचा एक वेढा, दुसऱ्याला दोन, इतका उंच की ओल्या हातमोज्यातूनही अंगठ्याला लागावा. रीफ लाइनलाही तीच खूण. आणि क्लच (दोर चिमटून धरणारा अडसर) उघडण्याआधी विंचवर (दोर ओढायचा फिरता ढोल) तीन फेरे घेऊन भार त्यावर घ्या. भारावर उघडलेला क्लच दोर हातातून जाळत नेतो.

पाऊस सुरू होताच रीफ काढायची घाई नको, दिशा फिरून दुसरा झोत येऊ शकतो. पण स्क्वॉलच्या मागे वारा पडतो, आणि रीफ घालून तिथे रेंगाळणारी बोट मैल गमावते. म्हणून रीफ काढण्याचीही हीच अंधारी तालीम पुढे धरली आहे. स्पिनेकर (पुढचं मोठं फुगीर शीड) असताना वँग कोण सोडणार, हे त्याआधी नेमायचं. वीज कडकडत असेल त्या रात्री पाइप खाली.