सोमवारची घारापुरी

आज सोमवार, आमच्या बेटावरची लेणी बंद. शेतबंदरच्या धक्क्यावर पर्यटक नाहीत, फक्त आमचीच माणसं. सकाळी शेजारच्या वहिनींना सणसणून ताप भरला. कुणाला हाक मारायला जावं लागलं नाही. वहिनींना उरणला दवाखान्यात न्यायला पोरं होडीचं इंजिन सुरू करून उभीच होती. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ही तीनच गावं आमची. ताप एकीला, काळजी सगळ्यांना. मी दिवसभर उरणच्या दिशेला डोळे लावून होते.

वहिनी परतल्या तेव्हा दिवे लागले होते. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल येईपर्यंत जनरेटरवर संध्याकाळचे दोन-तीन तासच उजेड असायचा. मग अंधारात बॅटरी धरून माणसं उतरवायची. किती वर्षं काढली तशी!

वहिनींसाठी पेज ठेवलीय चुलीवर. नेऊन देते.