विजोड डिस्कांचा संसार

मुंबईच्या घरात जुनी हार्ड डिस्क टाकवतही नाही आणि ठेवायला जागाही नसते. लॅमिंग्टन रोडवरून वेळोवेळी, तेव्हा खिशाला परवडेल त्या आकाराच्या आणलेल्या चार डिस्का माझ्याकडे जमल्या: ४, ४, ३ आणि २ टीबी. लग्नमुंजींचे आणि गणपतीचे फोटो, व्हीएचएस कॅसेटींवरून उतरवलेले व्हिडिओ असा हा ऐवज आहे. या डिस्का एकत्र दिसाव्यात आणि त्यांतली कोणतीही एक बंद पडली तरी काही गमवावे लागू नये, एवढीच अपेक्षा होती.

अनेक डिस्का जोडून एक बंद पडली तरी माहिती वाचवणाऱ्या रेड-५ या रुळलेल्या पद्धतीत प्रत्येक डिस्क सर्वांत लहान डिस्कएवढीच धरली जाते, आणि एका डिस्कएवढी जागा हरवलेले परत काढण्याच्या हिशेबासाठी जाते. त्यामुळे १३ टीबींतून हाती ६ टीबी येतात आणि ५ टीबी नुसते पडून राहतात. बीटीआरएफएस या लिनक्सवरच्या फाइल सिस्टिमचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) रेड-१ प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवते, त्यामुळे निम्मी म्हणजे साडेसहा टीबी जागा मिळते. डिस्कांचे तुकडे पाडले तर हिशेब सुधारतो: चारही डिस्कांच्या २ टीबींच्या तुकड्यांचे रेड-५ केल्यास ६, उरलेल्यांतून १ टीबीच्या तीन तुकड्यांचे आणखी एक रेड-५ केल्यास २, आणि शेवटच्या दोन तुकड्यांचा मिरर (दोन्हींवर तीच प्रत) केल्यास १, असे ९ टीबी होतात. घरगुती स्टोरेज पेट्या बनवणाऱ्या सिनॉलॉजीचे हायब्रिड रेड हेच काम आपोआप करते.

स्नॅपरेड या सॉफ्टवेअरमध्येही ९ टीबीच मिळतात, कारण ४ टीबीची एक डिस्क पॅरिटीला, म्हणजे बंद पडलेल्या डिस्कवरचे परत काढण्यासाठी लागणाऱ्या हिशेबाला, द्यावी लागते. तरीही मी तेच निवडले. तुकड्यांच्या रचनेत दोन डिस्का एकदम गेल्या तर बहुधा सगळेच जाते. येथे प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र, साधी ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम असल्यामुळे वाचलेली डिस्क कोणत्याही लिनक्स संगणकाला जोडून वाचता येते. शिवाय एखादा व्हिडिओ पाहताना तेवढीच एक डिस्क फिरते, हे वन-बीएचकेमध्ये झोपणाऱ्यांच्या दृष्टीने लहान सुख नव्हे. सगळ्या डिस्का एकाच फोल्डरसारख्या दाखवण्याचे काम मर्जरएफएस करते.

उणीव आहे ती पॅरिटीच्या वेळेची. ती लिहिताक्षणी नव्हे, तर सिंकची आज्ञा दिल्यावर तयार होते. नवी फाइल तोवर असुरक्षित राहते, पण जुन्या फाइलींना तिच्यामुळे धोका नसतो. हटवलेल्या किंवा बदललेल्या फाइलीची गोष्ट मात्र वेगळी आहे. पॅरिटी ही सगळ्या डिस्कांवरील ब्लॉकांची (माहितीच्या छोट्या तुकड्यांची) मिळून काढलेली असते, म्हणून पहिल्या डिस्कवरचे फोल्डर हटवले आणि पुढच्या सिंकपूर्वी दुसरी डिस्क बंद पडली, तर त्या ब्लॉकांच्या जोडीचे दुसऱ्या डिस्कवरचे ब्लॉक परत काढता येत नाहीत. त्यामुळे सतत बदलणाऱ्या डेटाबेससाठी ही पद्धत मी सुचवणार नाही. फोटोंच्या संग्रहात फारसे काही बदलत नाही. माझी स्क्रिप्ट रोज रात्री आधी फरक तपासते आणि हटवलेल्या फाइली ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळल्या तर सिंक करतच नाही, म्हणजे चुकून पुसलेले परत आणण्याची सोय राहते. दर आठवड्याला स्क्रबही, म्हणजे साठवलेले बिघडले तर नाही ना याची तपासणीही, चालतो. तो मूळ मांडणीनुसार एका वेळी ८ टक्के भाग तपासत असल्याने साधारण तीन महिन्यांत सगळा संग्रह तपासून होतो.

हा बॅकअप नव्हे, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ सारखे पाणी घरात शिरले तर एका पेटीतल्या चारही डिस्का एकत्रच भिजतील.

पॅरिटीची डिस्क सर्वांत मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी असावी लागते. म्हणून पुढची ८ टीबीची डिस्क आली की ती आधी पॅरिटीला जाईल, सध्याची पॅरिटी डिस्क डेटासाठी मोकळी होईल आणि २ टीबीची काढूनही ११ टीबी उरतील. ती काढलेली डिस्क निवडक फोटो भरून पुण्याला बहिणीकडे ठेवायची आहे.